गुरुवारचे तळवे

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडे नायलॉनचा एक दोरा आहे. पेनाएवढ्या दांडीला लावलेला, झाडूच्या काडीसारखा ताठ. आपण डोळे मिटून बसायचं, त्यांनी तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा आणि लागलं की आपण 'हो' म्हणायचं. शुगर जुनी झाली की पायांना कळेनासं होतं. ते किती, हे पाहण्याची ही परीक्षा. मी तीत कॉपी केली.

मी मानोऱ्याला कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला काम नसतं अशी प्रत्येक प्राचार्याची समजूत असते, त्यामुळे नोकरीभर एकही परीक्षा अशी गेली नाही की मी वर्गात पर्यवेक्षक म्हणून उभा नव्हतो. पापण्या मिटल्यासारख्या ठेवून पोरं शेजारच्याचं कसं पाहतात, हे मी हजार वेळा पाहिलं होतं. ते ज्ञान निवृत्तीनंतर कामाला आलं. मॅडमचा हात थांबला की 'हो' म्हणायचं. डाव्या तळव्यावरच्या दहा ठिकाणांपैकी नऊ ठिकाणी मी 'हो' म्हटलं. एक मुद्दाम सोडलं, संशय नको म्हणून. मॅडमनी कागदावर लिहून घेतलं आणि शाबासकी दिली. त्यातलं एकही मला लागलं नव्हतं.

कॉपीचं कारण सांगतो. माझ्या आधीच्या पेशंटला त्या काय म्हणाल्या, ते मी ऐकलं होतं. या पायाला जखम झाली तर तुम्हाला कळणार नाही. कळेपर्यंत पाय काढायची वेळ येईल. रोज कुणाकडून तरी तळवा पाहून घेत जा. घरी कोण आहे?

घरी कोण आहे, या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझे तळवे बायको पाहायची. संध्याकाळी मी खुर्चीत वाचत बसलेला असायचो. ती पाटावर बसायची, पाय मांडीवर घ्यायची आणि तांदूळ निवडावेत तसा तळवा निरखायची. मी पान उलटायचो. ती गेली तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, सर मोठे धीराचे. मी धीर वगैरे काही धरला नव्हता. कुणीतरी दोरा टेकवला होता आणि कुठे लागतंय का याची मी वाट पाहत होतो. मुलगा पुण्याला असतो. रोज फोन करतो, 'शुगर किती?' विचारतो. मी एक आकडा सांगतो. त्याचं समाधान होतं.

तर त्या दिवशी मी बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर येऊन बसलो. उपाशीपोटी रक्त दिलं की जेवायचं आणि जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, असा दर गुरुवारचा क्रम. ते दोन तास कुठेतरी काढावे लागतात. बाकामागच्या भिंतीवर 'असंसर्गजन्य आजार कक्ष' असा फलक आहे. एकमेकांचा लागत नाही असा आजार. फलक भिंतभर आहे आणि बाकावर तीन माणसं मावतात.

शेजारी पांढऱ्या शर्टातले एक शेतकरी येऊन बसले. आत माझ्या बाजूच्या स्टुलावर तेच होते. डबा सोडता सोडता म्हणाले,

"सर, पेपर सोपा गेला वाटते."

"कोणता पेपर?"

"दोऱ्याचा. डोये उघडे होते तुमचे. मी पायलं न."

नोकरीभर मी हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. मला कुणी ऐकवायची ही पहिलीच वेळ. मी म्हणालो, "अन् तुमचं काय?"

"मी तुमच्यापक्षा हुशार. मी एकच डोया उघडा ठेवला."

बाकाच्या टोकाला तांड्यावरची एक बाई भाकरीवर ठेचा घेऊन बसली होती. ती आमच्याकडे न पाहताच म्हणाली, "मी नाई केली कापी. मॅडमनं इचारलं, लागलं का? म्या म्हनलं, कायीच नाई लागत. मॅडम म्हने, मंग पायाची कायजी घे. म्या म्हनलं, घेते. अन् तुमी दोघं शिकलेले मानसं."

"मी नववी नापास हाओ," शेतकरी म्हणाले. "सर शिकलेले हायेत."

तिथून सुरू झालं. त्या शेतकऱ्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. बाईला तिच्या तांड्यावर याडी म्हणत, म्हणजे आई. आमच्यापेक्षा लहान असूनही ती आमचीही याडीच झाली. दर दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर ऊस तोडायला पश्चिमेकडे जायची आणि उन्हाळ्यात परतायची. "जिंदगीभर ऊस तोडला म्या," ती एकदा म्हणाली, "गोड खाल्लं लोकायनं, अन् शुगर मले."

त्या बाकावर एकच नियम होता, तोही कुणी केलेला नव्हता. आकडा खरा सांगायचा. घरी सांगायचा आकडा वेगळा, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दोन दिवसांत उपास करून कमावलेला आकडा वेगळा. बाकावर आम्ही तिसरा, खरा सांगायचो. भाऊंनी एका लग्नात आठ जिलब्या खाल्ल्याचं तिथेच कबूल केलं. मी गोळ्या चार दिवस विसरलो, हेही तिथेच. विसरलो म्हणजे डबी समोर होती. उघडायचं कारण सापडलं नाही, एवढंच. याडी म्हणाली, "घ्या आता डबीतून, आमच्यासमोर." मी घेतली.

तळवे पाहणं तिनेच आणलं. एका गुरुवारी भाऊ बुटातून पाय काढून बसले होते. ती वाकली आणि म्हणाली, "भाऊ, टाचीले भेग हाय मोठी. द्या इकडं पाय."

"नाई नाई. बायामानसानं पाय धरनं बरं दिसत नाई."

"बैलाचा खूर पायता न तुमी? मंग? नाई तं पाहा तुमचे तुमीच."

भाऊंनी प्रयत्न केला. पोट आडवं आलं. मीही करून पाहिला. माझं पोट नव्हतं, पण गुडघा वळेना. मग वाटणी ठरली. याडी भाऊंचा तळवा पाहणार, भाऊ माझा आणि मी याडीचा.

यात अडचण माझी होती. आमच्या घरात छप्पन सालानंतर पाया पडणं बंद झालं. वडिलांनी दीक्षा घेतली आणि सांगितलं, कुणाच्या पायाला हात लावायचा नाही आणि कुणाला आपल्या पायाला लावू द्यायचा नाही. दुसरं काही आम्ही एवढ्या निष्ठेने पाळलं नसेल. माझ्या निरोप समारंभात विद्यार्थी पाया पडायला वाकले, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवत थेट फळ्यापर्यंत गेलो होतो. फक्त बायकोला ही बंदी नव्हती. तसं कधी ठरवलं नाही, तिने परवानगी विचारली नाही.

दुसरी गोष्ट. भाऊंच्या घरी तीसेक एकर ओलिताचं शेत आहे, आणि त्या शेतात माझे वडील काही वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचे गडी, होते. हे भाऊंना माहीत होतं आणि मलाही. इतक्या गुरुवारांत आम्ही दोघांनीही ते काढलं नव्हतं.

भाऊंनी माझा डावा पाय उचलला आणि आपल्या मांडीवर, त्या परीटघडीच्या पँटवर ठेवला. बराच वेळ पाहिला. अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुमच्या वडलायचे पाय बी असेच मोठे होते."

"हो," मी म्हणालो.

त्यावर तेवढंच बोलणं झालं. त्यांचा हात मला लागत नव्हता, फक्त दिसत होता.

याडीचा तळवा मात्र मी हात मागे बांधून, चष्मा सारखा करत, दोन फुटांवरून पाहिला. ती म्हणाली, "सर, कव्हर पाहून राह्यले का? आत बी वाचा कायी." भाऊ हसले. मी हात लावला नाही. असं दोन-तीन महिने चाललं.

तिघं होतो तोवर आमचं कुणाला काही वाटलं नाही. सात-आठ झालो तेव्हा भाऊंच्या पुतण्याला त्यात संघटना दिसली. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्याआधी कशाचं तरी संस्थापक व्हायचं होतं. 'मधुमेही मित्र परिवार' असं नाव ठरलं. अध्यक्ष मी, कारण अध्यक्षाला भाषण करावं लागतं आणि माझ्याकडे पुस्तकं आहेत. मी नाही म्हणालो नाही. त्या काळात मी कशालाच नाही म्हणत नव्हतो, आणि होही.

उद्घाटन मंगल कार्यालयात झालं. बॅनरवर पुतण्या पुरुषभर, त्याचे नेते अर्धपुरुष आणि खालच्या कोपऱ्यात शुगर तपासायचं यंत्र बोटाएवढं. पेशंट नव्हता. बॅनर उशिरा आला आणि मंचाच्या मागच्या लाकडी पट्टीला घाईघाईने ड्रॉइंग पिनांनी ठोकला गेला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर जेवणाची वेळ टळलेले दोन सभासद शुगर उतरून घामाघूम झाले, आणि मग पाहुण्यांसाठी आणलेले पेढे त्यांना चारावे लागले. परिवाराचं पहिलं कार्य ते.

पाहुणे आल्यावर सूत्रसंचालकाने सांगितलं, मान्यवरांनी पादत्राणे बाजूला काढून प्रतिमापूजनासाठी यावं. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, हे मधुमेह्याला शिकवलेलं पहिलं वाक्य. मी अध्यक्षीय भाषणात तेच सांगणार होतो. कागद खिशात होता. टेबलावर चार-पाच तसबिरी मांडल्या होत्या. इतरांसमोर मी चपला घालून उभा राहिलो असतो आणि खुलासाही केला असता. पण त्यातली एक अशी होती की तिच्यापुढे मी जन्मात कधी चपला घालून उभा राहिलेलो नाही. मी काढल्या. हार घातला. शाल घेतली, नारळ घेतला, बॅनरखालून फिरून खुर्चीत बसलो आणि पाहुण्यांचं भाषण ऐकलं. मधुमेह हा आजार नसून जीवनशैली बदलण्याची सुवर्णसंधी आहे, असं ते म्हणाले. मग मी उठून अनवाणी न चालण्याचं महत्त्व सांगितलं. अनवाणी.

पुढच्या गुरुवारी बाकाशेजारी टेबल आणि रजिस्टर होतं. पुतण्याचा माणूस प्रत्येकाचा आकडा लिहून घेत होता. वार्षिक अहवालात सुधारणा दाखवायची होती. लोक लगेच उपास करून कमावलेले आकडे सांगू लागले. भाऊंनीसुद्धा पुतण्याची लाज राखायला वीसेक कमी सांगितले. सगळ्यांसमोर तळवे कोण दाखवणार? मी रजिस्टरवर सही केली आणि घरी आलो. त्यानंतर दोन गुरुवार गेलो नाही. चिडलो होतो असं नाही. उठायची वेळ व्हायची, आणि मी बसलेलाच असायचो.

त्याच दिवसांत घरात एक आवाज सुरू झाला. टक्. मग जरा वेळाने टक्. मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मी त्यातला सेल काढून ठेवला. तरी आवाज येई. मग वाटलं फरशी सुटली आहे, वाळूवर हलते आहे. स्वयंपाकघराकडे जाताना वाजे, खुर्चीत बसलं की थांबे. घराला वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं. घरात मी अनवाणीच फिरत होतो. बायकोने आणलेली घरातली चप्पल पलंगाखाली होती.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. भाऊ आणि याडी. दोघांच्या हाताला रक्त काढल्याजागी कापूस चिकटलेला.

"तीन खाडे," भाऊ म्हणाले. "रजा घेतली का मास्तर?"

"बसा. चहा टाकतो, बिनसाखरेचा."

मी स्वयंपाकघराकडे निघालो. टक्. टक्.

"सर," याडी म्हणाली, "थांबा."

"काय झालं?"

"तुमी चालता तं वाजते."

"फरशी हलते."

"फरशी नाई. बैलाले नाल ठोकल्यावर वाजते, तसं वाजते. बसा खाली. भाऊ, सरचा पाय धरा."

भाऊंनी मला खुर्चीत बसवून डावा पाय मांडीवर घेतला. याडी वाकली. म्हणाली, "पिन हाय. टोपीची. पुरी आत गेली, टोपीच वर हाय. अन् बोट कायं पडलं."

मी विचारलं, "कोणतं?"

"अंगठ्याजोळचं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आग नाई होऊन राह्यली?"

"नाही."

"कायीच नाई?"

"नाही, याडी."

भाऊ पाय तसाच धरून म्हणाले, "आमच्या पोट्ट्याच्या बॅनरची पिन हाय हे." त्यांनी नंतर पुतण्याला काय म्हटलं, ते मला कळलं नाही. भाऊ ते सांगत नाहीत.

दोघांनी मला तसंच दवाखान्यात नेलं. मॅडमनी पाय पाहिला, मग माझा जुना कागद काढला. "यात तर नऊ ठिकाणी लागतंय असं लिहिलंय. एवढ्यात कसं गेलं सगळं?"

भाऊ दारात उभे होते. याडी त्यांच्यामागे. मी म्हणालो, "मॅडम, मी डोळे उघडे ठेवले होते."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेनाने 'नऊ' खोडून त्या जागी शून्य लिहिलं. मग विचारलं, "घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग पाहिलं कुणी?"

मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी त्या दोघांकडे जरा वेळ पाहिलं आणि वाशिमच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता म्हणाल्या, आणखी आठवडा गेला असता तर घोट्यावर चर्चा करावी लागली असती.

वाशिमला अंगठ्याजवळचं बोट काढलं. पाय राहिला. मुलगा चार दिवस येऊन गेला. त्याला पहिल्यांदा खरा आकडा सांगितला तर तो घाबरला आणि पुढे रोज दोनदा फोन करू लागला. बोट गेल्याचं दुःख झालं का, असं भाऊंनी विचारलं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला का ते माहीत नाही, कारण नंतर परिवाराची सभाच झाली नाही. टेबल एका गुरुवारी आलं नाही, मग रजिस्टरही. बाक होताच.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी याडी शेवटची आली. दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रॅक्टर निघणार होता. मॅडमनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्या तिने लुगड्याच्या चिंधीत बांधल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिकडं कोन पाहीन पाय? फडात चिखल, ऊसाचे कोंब सुयासारखे."

मी म्हणालो, "दाखव."

तिने पाय पुढे केला. मी खाली बसलो, चपला घालूनच, आणि तो मांडीवर घेतला. टाच दगडासारखी होती. भेगांमधून बोट फिरवलं, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून पाहिल्या, आधीच्या वर्षीच्या कोयत्याच्या खुणेवर थांबलो. वडिलांचा नियम मला आठवला, पण पाहून झाल्यावर.

"झालं का वाचून?" ती म्हणाली.

"झालं. चांगला आहे. सुनेकडे फोन आहे ना? दर गुरुवारी दोन्ही तळव्यांचा फोटो."

तेव्हापासून गुरुवारी सकाळी माझ्या फोनवर लोकांनी पाठवलेली गुलाबाची फुलं, उगवते सूर्य आणि सुविचार यांच्या मधोमध दोन तळवे येतात. मी ते मोठे करून पाहतो. बाकावर आल्यावर भाऊ पाहतात. मग सुनेच्या फोनवर बोलून पाठवतो: ठीक आहे.

गेल्या गुरुवारी उजव्या टाचेजवळ काळा डाग होता. रुपयाएवढा.

"जखम हाय," भाऊ म्हणाले.

"माती आहे."

"जखम हाय, सर. पाहा न कडा."

मी फोनमध्ये बोललो, "याडी, पाय धुऊन परत फोटो पाठव. आत्ता."

उत्तर आलं नाही. ती फडात असणार. आम्ही डबे खाल्ले. दोन तास झाले, आतून आमची नावं पुकारली. भाऊ म्हणाले, जाऊ जरा वेळानं. पुन्हा पुकारली. आम्ही बसलो होतो, फोन आमच्या मध्ये बाकावर उताणा. माझी छाती धडधडत होती. ते लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

फोटो आला तेव्हा पाय ओला होता, टाचेवरून पाणी निथळत होतं. मी मोठा केला. इकडून तिकडे सरकवला. डाग नव्हता.

"मातीच व्हती," भाऊ म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि मांडीवर थाप मारली. "द्या आता तुमचा."

मी चप्पल काढली.